पाटी लावली, खप वाढला. पण कुणाच्या वाटचा?

प्रश्न थोडक्यात असा: दुकानातल्या शेल्फवर जे टॅग, वॉब्लर (म्हणजे फळीच्या कडेला लावलेल्या, बाहेर येऊन हलणाऱ्या छोट्या पाट्या), ऑफरच्या पट्ट्या, ‘सर्वाधिक खपाचा’ असली लेबलं लावतात, त्यांच्याकडे ग्राहक खरंच बघतो का? बघितलं म्हणून घेतो का? आणि लावायच्याच तर किती लावाव्यात, त्यांवर काय लिहावं?

दुकानांची मांडणी आणि शेल्फवरच्या पाट्या हेच माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. आधी निकाल सांगून टाकतो. बघतो, आणि पुष्कळदा घेतोही. पाटी लागलेल्या मालाचा खप बहुधा वाढतो. पण वाढलेल्या खपाचा मोठा हिस्सा त्याच रॅकमधल्या शेजाऱ्याच्या वाटचा असतो. ग्राहक एक टूथपेस्ट घ्यायला आला होता, एकच घेऊन गेला. पाटीने फक्त कुठली ते बदललं. ब्रँडवाल्याला हे चालतं, किंबहुना त्याला हेच हवं असतं. दुकानदाराने मात्र तोच आकडा बघून खूश होऊ नये. पाट्यांबद्दल जे वाद होतात त्यातले निम्मे हे दोन हिशेब एकात एक मिसळल्यामुळे होतात.

आता लक्षाबद्दल. ग्राहक रॅकपुढे किती वेळ थांबतो याचा अंदाज दुकानदार नेहमी जास्तच बांधतात. पीटर डिक्सन आणि अ‍ॅलन सॉयर यांचा अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये केलेला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत अजूनही डोळे उघडणारा आहे. कॉफी, टूथपेस्ट असा नेहमीचा माल घेणाऱ्यांवर त्यांनी नजर ठेवली आणि वस्तू ट्रॉलीत पडली की लगेच गाठून किंमत विचारली. रॅकपुढचा सरासरी वेळ १२ सेकंदांच्या आत निघाला. नुकत्याच उचललेल्या वस्तूची किंमत निम्म्या लोकांनाही बरोबर सांगता आली नाही. आणि सवलतीतला माल उचलणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तो सवलतीत आहे हेच ठाऊक नव्हतं. म्हणजे दुकानदाराने नफ्यातले पैसे सोडले, पाटी लावली, माल गेला, आणि घेणाऱ्याला पत्ताच नाही. यातले बरेच जण पूर्ण किमतीलाही तेच घेऊन गेले असते.

यात ग्राहकाचा आळस बघू नका, डोळ्याची रचनाच तशी आहे. बारीक अक्षर वाचता येईल इतकी स्पष्ट नजर फक्त मधल्या साधारण दोन अंशांत असते. हात पूर्ण लांब करून अंगठ्याचं नख बघा, जवळपास तेवढीच. रॅकपासून मीटरभर लांब उभं राहिलं तर हा स्पष्ट टापू जेमतेम साडेतीन सेंटिमीटर रुंद पडतो. नजर सेकंदाला तीन-चार ठिकाणी टेकते आणि पुढे उडते. दहा सेकंद धरले तर तीस-चाळीस थांबे झाले. समोर शंभर-दीडशे प्रकारचा माल, प्रत्येकाखाली टॅग, मध्ये मध्ये पट्ट्या. बहुतेक टॅग वाचलेच जात नाहीत, ते कितीही चांगले छापलेले असोत.

कडेच्या नजरेला अक्षरं लागत नाहीत. तिला रंग कळतो, आकार कळतो, उजेड-अंधारातला फरक कळतो आणि हालचाल कळते. म्हणून पाटीला दोन कामं ओळीने करावी लागतात: आधी कडेच्या नजरेत रांगेपासून वेगळं दिसायचं, आणि मग नजर टेकली की त्या पाव सेकंदात एक गोष्ट सांगून मोकळं व्हायचं. वॉब्लर पहिलं काम झकास करतो, कारण तो रांगेच्या बाहेर येतो आणि हलतो. दुसऱ्या कामात बहुतेक वॉब्लर नापास. कंपनीचा लोगो, घोषवाक्य, चमचमणारा तारा, मागे फटाका फुटल्याची नक्षी, आणि कुठेतरी खालच्या कोपऱ्यात मुद्द्याची ओळ. नजर आली, काही हाती लागलं नाही, निघून गेली. हे होतं कारण पाटी मंजूर होते कॉम्प्युटरच्या पडद्यावर. तिथे ती एकटी असते, पडदाभर मोठी असते आणि बघणाऱ्याला भरपूर वेळ असतो. मी डिझाइन बघतो ते भरलेल्या रॅकच्या फोटोत चिकटवून, आणि तो फोटो मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर. तिथे जी ओळ वाचता येत नाही ती काढून टाकायला सांगतो. डिझाइनरला राग येतो, येऊ दे.

तळाच्या फळीचं गणित एकदा करून बघण्यासारखं आहे, कारण ते कुणीच करत नाही. समजा ग्राहकाचे डोळे जमिनीपासून १५५ सेंटिमीटरवर आहेत, तो रॅकपासून ९० सेंटिमीटर लांब उभा आहे आणि तळाच्या फळीची कड जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर आहे. नजर साधारण ५७ अंश खाली झुकते. टॅग सरळ उभा असेल तर त्यावरची अक्षरं तिथून निम्म्या उंचीची चपटी दिसतात. शिवाय अंतर ९० राहत नाही, १६६ सेंटिमीटर होतं. दोन्ही एकत्र धरलं तर डोळ्यासमोरच्या फळीवर जे अक्षर सहज वाचता येतं, तेच तळाशी एक तृतीयांशाहून कमी उंचीचं भासतं. ग्राहकाने वाकून बघावं अशी अपेक्षा असेल तर सोडून द्या. वाकतो तो ज्याला तोच माल हवा आहे तो, आणि त्याला पाटीची गरज नाही. उपाय साधा आहे. तळाच्या दोन फळ्यांना वर तोंड करून कललेली टॅगपट्टी लावा आणि तिथल्या टॅगवर किमतीचा आकडा मोठा छापा. तरीही दुकानं बांधताना सगळ्या रॅकना एकच सरळ पट्टी ठोकलेली असते, वरपासून खालपर्यंत.

इथेच ‘जागा मोठी की पाटी’ हा जुना वाद येतो. माझं मत: जागा. १९९४ मध्ये झाव्हिए द्रेझ, स्टीफन होच आणि मेरी पर्क यांनी शिकागोतल्या एका सुपरमार्केट साखळीच्या दुकानांत माल प्रत्यक्ष हलवून पाहिलं. कुठल्या फळीवर माल आहे याने विक्रीत मोठा फरक पडला. फेसिंग, म्हणजे एकाच वस्तूची समोर किती तोंडं दिसतात, ती वाढवण्याचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. माल संपणार नाही इतकी फेसिंग असली की पुढची वाढ फारशी कामाला येत नव्हती. २००९ मध्ये पिएर शाँदों आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र वापरून केलेला अभ्यास वरवर उलटा वाटतो. त्यात फेसिंग वाढवली की नजर खूपच जास्त वेळा तिथे जात होती.

दोन्ही खरे आहेत. फेसिंगमुळे नजर मिळते; मिळालेली प्रत्येक नजर बिलात उतरत नाही. शाँदोंच्याच अभ्यासात वरच्या आणि मधल्या फळ्यांना तळापेक्षा जास्त नजरा मिळाल्या, पण ब्रँडबद्दलचं मत सुधारलं ते फक्त वरच्या फळीवर. मधली फळी बघितली गेली, तेवढंच. म्हणून कुणी नजरेच्या नकाशाचे लाल-पिवळे ठिपके दाखवून पाटी विकायला आलं की मी एकच विचारतो: बरं, आणि बिल? नजर मोजणं आता स्वस्त झालं आहे, आणि स्वस्त आकडा महागड्या आकड्याच्या जागी खपवायची सवय या धंद्यात फार आहे. तसाच दुसरा आकडा म्हणजे ‘सत्तर टक्के खरेदी दुकानातच ठरते’. हा दुकानी जाहिरातींच्या संघटनांच्या पाहण्यांतून आलेला आहे. त्यात ‘साबण घ्यायचाय, कुठला ते बघू’ असं ठरवून आलेल्या ग्राहकालाही दुकानात निर्णय घेणाऱ्यांत मोजलेलं असतं. साबण घ्यायचा हे त्याने घरीच ठरवलं होतं. पाटीच्या हातात उरला होता फक्त ब्रँड.

आता पाटीवरच्या मजकुराकडे येऊ. सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात जास्त गैरवापर होणारी पाटी म्हणजे ‘सवलत’, ‘सेल’, ‘खास किंमत’. ती किंमत सांगत नाही, इशारा देते: इथे फायदा आहे, हिशेब आम्ही केलाय. जेफ्री इनमन, ली मॅकअलिस्टर आणि वेन हॉयर यांनी १९९० मध्ये दाखवलं की किंमत एका पैशाने कमी न करता नुसती पाटी लावली तरी काही ग्राहक ती वस्तू उचलतात. फार खोलात जाऊन विचार करायची ज्यांना हौस नसते, त्यांच्यात हा परिणाम दिसला. मी इथे त्या ग्राहकांची बाजू घेईन. आठवड्याच्या यादीतल्या चाळीस वस्तूंपैकी प्रत्येकीचा हिशेब मांडत बसणं शहाणपणाचं नाही. दुकानाने आतापर्यंत फसवलं नसेल तर पाटीवर विसंबणं हाच सोयीचा मार्ग आहे.

हा विश्वास मात्र बेतानेच खर्चावा लागतो. एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला: जास्त वस्तूंना सेलची पाटी लावली तर प्रत्येक पाटीचा परिणाम कमी होतो का? कपड्यांच्या कॅटलॉगमध्ये आणि किराणा मालाच्या अनेक गटांमध्ये उत्तर ‘हो’ आलं. एका गटातल्या थोड्या मालाला पाटी असेल तर ती चालते. संख्या वाढत गेली की प्रत्येक पाटीचं वजन घटतं, आणि एका टप्प्यानंतर गटाची एकूण विक्रीही खाली येऊ शकते. कारण उघड आहे. अर्ध्या रॅकवर लाल पट्ट्या दिसल्या की ग्राहक दोनच अर्थ काढतो: एक तर हे नेहमीचंच आहे, नाहीतर इथल्या किमती मुळातच फुगवलेल्या आहेत. आणि ज्या मालाला पाटी नाही, तो आता महाग वाटू लागतो. पूर्ण नफ्याला जाणारा माल तोच असतो.

माझ्या कामात मी एका दृष्टिक्षेपात मावणाऱ्या रॅकच्या तुकड्यात, साधारण मीटर-सव्वा मीटर रुंदीत, दोनपेक्षा जास्त ठळक पाट्या लावू देत नाही. हा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही, कामाच्या सोयीचा आहे. नियम आकड्यात असला की वाद कमी होतात. तिसरी लावायची असेल तर आधीच्या दोनपैकी एक काढायची. ब्रँडच्या प्रतिनिधींशी सगळं भांडण याच नियमावरून होतं.

किमतीच्या आकड्याबद्दल एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. अमेरिकेत शेल्फवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो बिल करताना लागतो. राज चेट्टी, अ‍ॅडम लूनी आणि कोरी क्रॉफ्ट यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या दुकानात तीन आठवडे सौंदर्यप्रसाधनं, डिओडरंट अशा मालाच्या नेहमीच्या टॅगखाली करासह किंमत दाखवणारा जादा टॅग लावला. ग्राहकाला द्यावी लागणारी रक्कम होती तीच राहिली. तरी त्या मालाची मागणी जवळपास ८ टक्क्यांनी घटली. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. विशेष म्हणजे ग्राहकांना विचारल्यावर कुठल्या मालावर कर लागतो हे त्यातल्या बहुतेकांना चांगलं माहीत होतं. कागदाच्या त्या तुकड्याने कुणाला नवी माहिती दिली नव्हती, माहीत असलेली गोष्ट नेमक्या त्या क्षणी डोळ्यासमोर आणली होती. एक जादा टॅग ८ टक्के विक्री खाली आणू शकतो, हे ‘पाट्यांनी काय होतंय’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो.

मग लिहायचं काय? किंमत कमी केलेली नसेल तर किमतीची मोठी पाटी लावून फारसं काही होत नाही. मॅकिनन, केली आणि रॉबिसन यांच्या १९८१ च्या प्रयोगात हेच दिसलं: नेहमीच्या किमतीला नुसत्या किमतीच्या पाटीने विक्री हलली नाही, सवलतीत हलली, पण वस्तूचा फायदा सांगणारी पाटी दोन्ही वेळा उपयोगी पडली. फायदा म्हणजे ‘उत्कृष्ट दर्जा’ नव्हे. तो शब्द प्रत्येक पाकिटावर आहे आणि कुणी वाचत नाही. ग्राहक रॅकपुढे उभा राहून मनात जो प्रश्न घोळवतो त्याचं उत्तर म्हणजे फायदा. डिटर्जंटच्या रॅकपुढे प्रश्न असतो ‘माझ्या मशीनला कुठलं चालेल?’. बॅटऱ्यांपुढे ‘हीच ना त्या रिमोटची?’. शाम्पूपुढे ‘या सगळ्यांत फरक काय?’. ‘फ्रंट लोडसाठी’ हे दोन शब्द कुठल्याही घोषवाक्यापेक्षा जास्त माल हलवतात. हे प्रश्न शोधायला पाहणी लागत नाही. त्या आइलमध्ये, म्हणजे दोन रॅकांमधल्या गल्लीत, माल लावणाऱ्या मुलाला विचारा, दिवसभर लोक त्याला काय विचारतात. त्याच्या उत्तरातली पहिली तीन वाक्यं म्हणजे तुमच्या पुढच्या तीन पाट्या.

हे प्रश्न एका वस्तूचे नसतात, पूर्ण गटाचे असतात. म्हणून गटाची पाटी, म्हणजे रॅकच्या तुकड्याला वरून दिलेलं ‘संवेदनशील दातांसाठी’ असं शीर्षक, मला वस्तूच्या पाटीपेक्षा जास्त मोलाची वाटते. ती शेजाऱ्याचा खप ओढत नाही. काय घ्यावं ते न कळून रिकाम्या हाताने पुढे निघालेल्या माणसाला ती थांबवते, आणि तिथून येणारी विक्री खरोखर नवी असते. पण गटाच्या पाटीचे पैसे द्यायला कुठलाच ब्रँड तयार नसतो, त्यामुळे ती सगळ्यात शेवटी छापली जाते.

‘सर्वाधिक खपाचा’ ही पाटी वेगळ्या तऱ्हेने काम करते. बीजिंगमधल्या एका रेस्टॉरंट साखळीत केलेला प्रयोग २००९ मध्ये छापून आला होता. काही टेबलांवर सर्वाधिक मागणी असलेल्या पाच पदार्थांची यादी ठेवली, काही टेबलांवर नुसतीच पाच पदार्थांची नावं, खपाचा उल्लेख न करता. पहिल्या यादीतल्या पदार्थांची मागणी १३ ते २० टक्क्यांनी वाढली. नुसत्या नावांच्या यादीने तसा काही परिणाम दिसला नाही. नजर वेधणं आणि माहिती देणं यातला फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग थोडे. शेल्फवर ही पाटी खरी असेल तर जरूर लावा, विशेषतः जिथे नवखे ग्राहक येतात तिथे. एका गटात तीन-तीन ‘सर्वाधिक खपाचे’ लावलेले मी पाहिले आहेत. मग ती पाटी राहत नाही, विनोद होतो.

युनिट किमतीबद्दल, म्हणजे शंभर ग्रॅमला किंवा लिटरला किती पडतात त्याबद्दल, दुकानदार नाक मुरडतात. जे. एडवर्ड रूसो यांनी १९७७ मध्ये दाखवलं की ही किंमत प्रत्येक वस्तूच्या टॅगवर छापली तर ग्राहकाचा खर्च १ टक्क्याने घटतो. पण त्याच किमती स्वस्त ते महाग अशा क्रमाने एका यादीत लावल्या तर ३ टक्क्यांनी, आणि दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा हिस्सा ५ टक्क्यांनी वाढतो. माहिती तीच, फरक मांडणीचा. सुटे टॅग तुलना करायचं काम ग्राहकावर टाकतात, आणि बारा सेकंदांत ते कुणी करत नाही. ज्या दुकानाचा स्वतःचा ब्रँड आहे त्याने ही यादी का लावू नये हे मला आजवर कळलेलं नाही.

‘एका ग्राहकाला जास्तीत जास्त १२’ अशी मर्यादेची पाटी तुम्ही पाहिली असेल. १९९८ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात सूपच्या डब्यांवर अशी मर्यादा घातल्यावर माणशी खरेदी दुपटीच्या आसपास गेल्याचं म्हटलं आहे. त्याच्या लेखकांपैकी एक ब्रायन वॅन्सिंक. कॉर्नेल विद्यापीठाने २०१८ मध्ये त्यांच्यावर संशोधनातल्या गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि त्यांचे डझनाहून अधिक लेख मागे घेतले गेले. त्यामुळे दुप्पट वगैरे आकडा मी कुणाला देत नाही. पाटीवरचा अंक डोक्यात बसतो आणि माणूस त्याच्या आसपास विचार करू लागतो, एवढं मी मानतो. पण टंचाई नसताना टंचाईचा आव आणणारी पाटी मी लावत नाही. तिने या आठवड्यात चार डबे जास्त जातील, आणि पुढच्या खऱ्या पाटीवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

खोट्या सवलतींना काही ठिकाणी कायद्यानेही चाप बसला आहे. युरोपीय संघात २०२२ पासून सवलत जाहीर करताना ‘आधीची किंमत’ म्हणून मागच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते. आदल्या दिवशी किंमत चढवून दुसऱ्या दिवशी ‘खाली आणायची’ युक्ती त्यामुळे बंद झाली. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, तो स्वतःला लावून घ्यायला हरकत नाही.

पौष्टिकतेच्या टॅगबद्दल थोडंच. अमेरिकेतल्या हॅनाफर्ड साखळीने २००६ मध्ये शेल्फ टॅगवर पदार्थाच्या पौष्टिकतेनुसार एक ते तीन तारे द्यायला सुरुवात केली. ज्याला तारा नाही त्याच्याबद्दल टॅग काहीच बोलत नाही. लोक ताऱ्यांच्या मालाकडे सरकले, थोडे, पण सरकलेले राहिले. पाटीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. आवड आणि खिसा यांच्यापुढे कागदाचा तुकडा तेवढाच पुरतो.

आता ज्याबद्दल कुणी लिहीत नाही ते: पाटी जागेवर असते का? छापलेल्या पाट्यांपैकी किती पाट्या योग्य मालासमोर, योग्य तारखांना, सरळ लावलेल्या असतात हे एकदा आइलमधून फिरून बघा. नेहमी दिसणारं दृश्य असं. रात्री माल भरताना कुणीतरी एका ब्रँडची दोन तोंडं कमी करून दुसऱ्याची वाढवली. माल वीतभर सरकला, टॅग तिथेच राहिला. आता सवलतीची पाटी शेजारच्या महाग पाकिटाखाली आहे. ग्राहक ते पाकीट उचलतो, बिल होताना किंमत वेगळी लागते, मागे रांग उभी, कॅशियर सुपरवायझरला हाक मारतो. त्या ग्राहकाच्या लेखी तुमची प्रत्येक पाटी त्या दिवसापासून खोटी. दुसरं दृश्य: वरच्या फळीवरून लोंबणारा वॉब्लर खालच्या मालाच्या किमतीच्या नेमका वर येतो. किंमत दिसली नाही की बरेच ग्राहक विचारत नाहीत, पुढे जातात. तिसरं: पाटी आहे, माल संपलाय. तुम्ही पैसे खर्चून ग्राहकाची नजर रिकाम्या फळीवर नेऊन टेकवली आहे.

यावर माझे उपाय अगदी कारकुनी आहेत. प्रत्येक पाटीच्या मागे काढण्याची तारीख छापायची, म्हणजे लावणाऱ्याला कुणाला विचारावं लागत नाही. टॅगवर वस्तूचं नाव आणि वजन माल भरणाऱ्याला हातभर अंतरावरून वाचता येईल इतकं मोठं ठेवायचं. टॅगचा पहिला वाचक तोच असतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी एका माणसाने फक्त पाट्यांसाठी फेरी मारायची: संपलेल्या ऑफरच्या काढायच्या, माल नसलेल्या झाकायच्या. आणि रंगाचा अर्थ दुकानभर एकच ठेवायचा. पिवळा म्हणजे सवलत ठरलं की ‘नवीन माल’ पिवळ्यावर छापायचा नाही. ग्राहक हा अर्थ दोन-चार फेऱ्यांत आपोआप शिकतो आणि मग अक्षर न वाचताही पाटी काम करते. ‘नवीन’ एकदा पिवळ्यावर छापलं की ते शिकणं वाया जातं.

इलेक्ट्रॉनिक टॅगबद्दल हल्ली सगळे विचारतात. पडद्यावरची किंमत बिलिंगच्या किमतीशी आपोआप जुळते, वर सांगितलेला कॅश काउंटरवरचा गोंधळ बराच कमी होतो, आणि पैसे घालायला हे एक कारण पुरेसं आहे. लक्ष वेधण्याच्या दृष्टीने मात्र ते कागदापेक्षा सरस असतातच असं नाही. छोटे, करडे, सगळे सारखे. कोपऱ्यात लुकलुकणारा दिवा असतो तो माल भरणाऱ्याला जागा सापडावी म्हणून ठेवा, ग्राहकाला खुणावायला नको. वीस दिवे एकदम लुकलुकले तर सेलच्या पाट्यांचं झालं तेच होईल.

शेवटी, तुमच्या दुकानात कुठली पाटी चालते हे तुम्हालाच तपासावं लागेल, आणि तपासण्याची नेहमीची पद्धत चुकीची आहे. पाटी लावली, त्याच दिवशी किंमत कमी केली, त्याच दिवशी माल एंड कॅपवर, म्हणजे रॅकच्या टोकाच्या दर्शनी जागेवर, आणला, आणि खप वाढल्यावर श्रेय पाटीला दिलं. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही. एका वेळी फक्त पाटी बदला. किंमत आणि जागा तीच ठेवा. दोन-तीन सारखी दुकानं असतील तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांत पाटी लावा, काही आठवड्यांनी अदलाबदल करा. एकच दुकान असेल तर पाटीचे आणि बिनपाटीचे आठवडे आलटूनपालटून घ्या, आणि पगाराचा आठवडा दोन्हीकडे येईल असं बघा. माल संपलेले दिवस हिशेबातून काढून टाका. पाटी खरोखर लागली होती का याचा रोज एक फोटो घ्या. निम्मे प्रयोग इथेच कोसळतात.

आणि आकडे चार बघा: त्या वस्तूची विक्री, तिच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची विक्री, पूर्ण गटाचा नफा, आणि पाटी काढल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांची विक्री. शेवटचा आकडा यासाठी की साबणासारखा टिकाऊ माल लोक सवलतीत घरात भरून ठेवतात आणि पुढचा महिना फिरकत नाहीत. वस्तूचा खप चढला, पण गटाचा नफा आहे तिथेच राहिला किंवा खाली आला, तर ती पाटी तुमच्यासाठी नाही, ब्रँडसाठी काम करते आहे. त्या जागेचे ब्रँडकडून पैसे घेत असाल तर ती रक्कम आणि गटात गेलेला नफा एका कागदावर शेजारी शेजारी मांडा, आणि पुढच्या वेळी प्रतिनिधी वॉब्लरचा गठ्ठा घेऊन आला की तो कागद पुढे करून दर ठरवा.